गिअरबॉक्स आणि अबोला

माझ्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बाहेर काढला, तेव्हा तो हत्तीच्या पिल्लाएवढा निघाला. खोटं वाटलं तर हत्तीला विचारा! गॅरेज दोघा भावांचं, आणि त्यांच्यात वर्षभर असा कडक अबोला की तिथले हॉर्नसुद्धा दबकून वाजत. पण ते वेडंवाकडं धूड डगमगू नये म्हणून टेबलावरच्या जुन्या टायरात बसवायला चार हात हवेतच. काही ओझी देवानं एकट्याला पेलणार नाहीत अशी केली, ती उगाच नव्हे. उचलताना ते कलंडलं.

"दादा, पाय काढ!" धाकटा ओरडला.

"पाय गेला खड्ड्यात! तू बोटं सांभाळ, गाढवा!"

गिअरबॉक्स टायरात नीट बसला. तरी दोघं तो धरूनच उभे होते, एकमेकांना मनसोक्त शिव्या घालत.