तिवरं तोडलेला बांध

बायको जाऊन चार महिने झाले. तिच्या बागेबद्दल लिहायचं म्हणून बसलोय. खरं तर मी काय केलं तेच लिहायचं आहे.

ती टिटवाळ्याकडची, नदीकाठची. लग्न होऊन डोंबिवलीच्या खाडीवर आली तेव्हा स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झालेली. आमच्या घरामागं विहीर, विहिरीपुढं मोकळी जागा, मग मातीचा बांध आणि बांधापलीकडं खाडी. खाडी एवढ्या जवळ असून विहिरीचं पाणी गोड. पाच घरं त्या पाण्यावर. बांध फुटला तर विहीर गेली, हे सगळ्यांना ठाऊक.

त्या मोकळ्या जागेत तिनं बाग केली. बाग कसली, लोकांना रान वाटायचं. ती खणायची नाही. तण उपटायची नाही, नुसतं मोडून तिथंच टाकायची. केळीचं पान पडलं की तिथंच कुजू द्यायची. पडवळाच्या वेलावर लाल मुंग्या फिरायच्या, त्यांनाही हात लावायची नाही. "त्या अळ्या खातात. मला फुकटचे गडी मिळालेत," म्हणायची. आणि वांगी अशी धरायची की माझी चुलती रोज कुंपणावरून विचारायची, "नवरा मिठागरात न् हिची वांगी अशी? काय घालतं गं?"

बांधावर तिवरं होती. चिखलात उभी राहणारी खाडीची झाडं, मुळं वर काढलेली, बुडाशी खेकड्यांची बिळं. मला ती बघवायची नाहीत. मी बाराव्या वर्षापासून मिठागरात. मिठागराचा बांध कसा, तर गुळगुळीत. काडी नको, मूळ नको. लाकडी थापीनं चोपून चोपून अंगणासारखा करायचा. ज्याच्या बांधावर गवत दिसलं तो आळशी. माझ्या चुलत्यानं एकदा चारचौघांत विचारलं, "काय रे, बांध हाय का म्हशीची पाठ?" सगळे हसले. ते माझ्या डोक्यात बसलं.

घरी येऊन म्हणालो, "तिवरं काढतो."

ती म्हणाली, "तोरू नका हो. मुळं सुटली का काठ सुटला. आमच्याकडं काठाला कोन कोयता लावत नाय."

चुलता ओटीवर बसलेला. म्हणाला, "बघा, नदीची पोर खाडीला शिकवतं!"

ती वैशाखात बहिणीच्या लग्नाला आठ दिवस माहेरी गेली, आणि त्या आठ दिवसांत मी सगळी तिवरं तोडली. मुळांसकट. बिळं बुजवली, बांध चोपला. काय दिसत होता! चुलत्यानं पाठीवर थाप मारली.

ती आली, मागच्या दारात उभी राहिली. बोचकं हातातच. बागेत गेली, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली. त्या दिवसापासून रोज सकाळी तेच. मी विचारायचो, "कशी हाय?" ती म्हणायची, "अजून गोड हाय." तो "अजून" मला टोचायचा.

आषाढात खेकडे वर आले. बांधावरून उतरून बागेत, मग विहिरीच्या कठड्यावर. पाऊस नसेल त्या दिवशीही बांधाची आतली बाजू ओली दिसायला लागली. मी चोपायचो, दुसऱ्या दिवशी परत ओली. बेडूक ओरडायचे बंद झाले. मला वाटलं, पाऊस कमी म्हणून. तिला विचारलं तर म्हणाली, "ते गेले." कुठं गेले, ते मी विचारलं नाही.

नारळी पौर्णिमेला गडीमाणसं सगळी खाडीत नारळ सोडायला गेलेली. दुपारची भरती मोठी होती. मी नारळ सोडून मागं वळलो तर घराकडून तिची हाक आली. माझं नाव घेऊन. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात तेवढं एकदाच घेतलं.

बांधाला एक भोक पडलेलं, ताटलीएवढं. मी गोणपाट घातलं, माती घातली, शेवटी स्वतः पाठ लावून बसलो. पाठीमागची माती नरम लागली, धरायला आत एक मूळ नाही. बघता बघता माझ्या दोन्ही बाजूंनी बांध बसला. पाणी केळीतून, वांग्यांतून सरळ विहिरीकडं गेलं. घाई नव्हती त्याला. ती कठड्याजवळ कळशी धरून उभी होती. पाणी आत पडायच्या आधी तिनं एक कळशी भरून घेतली.

ती कळशी पाच घरांनी वाटून प्यायली.

दिवाळीनंतर ऊन पडलं आणि बागेच्या मातीवर पांढरी पापडी धरली. गावात मीठ ओळखायला माझ्याइतका हुशार कोणी नव्हता. चुलता म्हणाला, "आता बरं झालं, कामाला लांब जायला नको." या वेळी कोणी हसलं नाही.

विहीर परत गोड झाली नाही. ती पुढं किती वर्षं डोक्यावर लांबून पाणी आणत होती. बांध गावानं बांधला, तिवरं तिनं लावली. चिखलात गुडघाभर उभी राहून एक एक बी टोचायची. मी मदतीला गेलो की म्हणायची, "तुमी नुसतं बसा. हात लावू नका." एवढंच. त्याच्याहून जास्त कधी बोलली नाही.

आजारपणात पाण्याचा चमचा तोंडाशी नेला की आधी जिभेचं टोक लावायची, मग प्यायची. शेवटच्या दिवशी तिनं टोक लावलं आणि तोंड मिटून घेतलं. मी चमचा धरून बसलो. नंतर तेच पाणी मी प्यायलो. गोड होतं.

घराच्या जागी आता बिल्डिंग आहे, मी तिथंच राहतो. तिची तिवरं मागच्या महिन्यात तोडली. पुढच्या बिल्डिंगीसाठी भराव टाकतायत, जागा छान साफ केलीय म्हणतात. काम पुतण्याकडंच आहे. मी त्याला सांगायला गेलो तर म्हणाला, "आता पक्की भिंत बांधनार हाव, काका. तुम्ही घरी बसा."

काल आमच्या जिन्यात खेकडा होता. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलेला.