मिशी माझी, म्हैस गंगूअक्काची

"मिशी कशी होती? वर वळवलेली की खाली पडलेली?"

मी विचारलं. पानपट्टीवाल्यानं क्षणभर छताकडे बघितलं आणि म्हणाला, "वळवलेलीच की. पीळ दिलेली."

मी खूश. पेन्सिल भराभर चालायला लागली.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरात मुलींच्या शाळेत मी ड्रॉइंग टीचर होते. एका पोलीस ठाण्याचे फौजदार मला अधूनमधून बोलावून घ्यायचे. साक्षीदार सांगणार, मी चोराचं रेखाचित्र काढणार, त्याच्या झेरॉक्स गावभर लागणार. तोवर अशी दोन चित्रं काढली होती. दोन्हींवरून कुणीही सापडलं नव्हतं. तरी मी स्वतःला 'पोलीस आर्टिस्ट' म्हणवून घ्यायचे. वय अडतीस. नवऱ्याशी भांडतानासुद्धा 'मी चेहरे वाचते' असं ऐकवायचे.

या वेळी चोरीला गेली होती म्हैस. गंगूअक्काची चंद्री. अक्का कट्ट्यावर म्हैस उभी करायची, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ दुधाचा ग्लास तिथंच हातात द्यायची. दुभती म्हैस ही एवढीच. भर दुपारी तळ्याकाठून कुणीतरी दोरी धरून तिला चालवत नेली. मागं पंधरा दिवसांचं रेडकू राहिलं होतं, आणि ते बाटलीला तोंड लावत नव्हतं.

पानपट्टीवाल्यानंतर चहावाला आला. मी अर्धवट चित्र त्याच्यापुढं धरलं.

"असाच होता ना?"

"व्हय बाई. असाच. डोळं लाल."

काळ्या पेन्सिलीनं लाल डोळे कसे काढायचे? मी भुवया जाड केल्या. तिसरा साक्षीदार रिक्षावाला. त्यानं चित्र बघून गालावर एक वण वाढवला. तोही काढला. तिघांचं एकमत, म्हणजे काम पक्कं, असं मी फौजदारांना बजावून सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी माणूस आणला. सदाशिव नाव, लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा. मिशी पिळदार. तिघांनीही बोट दाखवलं, "ह्योच."

सदाशिव शांत होता. "साहेब, त्या दुपारी मी आजऱ्याला लग्नात वाजवाय गेलतो. नवरदेवाला इचारा."

फौजदारांनी फोन लावला. आजऱ्याहून अख्खी वरात साक्षीला यायला तयार. फोन चालू होता तेवढ्या वेळात सदाशिवनं टेबलावरचं चित्र नीट बघितलं. मग मला बघितलं. मग फौजदारांना.

"बाई, रागावू नगा. पर ही मिशी माझी न्हाय. ही साहेबांची हाय."

हवालदार भिंतीकडं तोंड करून खोकायला लागला. मी चित्र बघितलं, फौजदार बघितले. तोच पीळ. डावी बाजू उजवीपेक्षा जरा आखूड, तेसुद्धा कागदावर उतरलेलं. चित्र काढताना ते माझ्यासमोरच बसले होते.

पानपट्टीवाल्यानं आपणहून मिशी सांगितलीच नव्हती. मिशी होती का, हे मी विचारलंच नव्हतं. चोर म्हटला की मिशी, हे माझ्या डोक्यात आधीच पक्कं. आणि नजरेसमोर जी मिशी होती, ती हातातून कागदावर आली. पुढच्या दोघांनी चोर आठवलाच नाही, माझं चित्र बघून मान डोलावली.

फौजदारांचा हात सवयीनं मिशीकडं निघाला होता. तो त्यांनी अर्ध्यावरून खाली घेतला. "सदाशिव, जा बाबा तू. बाई, आता काय?"

दारातून गंगूअक्काचा आवाज आला. "आता माझी म्हस काढा. माणसं काढून झाली न्हवं?"

"अक्का, मी पोर्ट्रेट आर्टिस्ट आहे." मी अजून शहाणी झाले नव्हते.

"मग तेच काढा. तिला बी तोंड हाय."

ती बाकावर बसली आणि डोळे मिटून बोलायला लागली. मला प्रश्न विचारायला जागाच ठेवली नाही. "डावं शिंग पाठीला लागतंय. उजवं जरा भाईर जातंय, त्येच्या टोकाचा टवका उडालाय. कपाळावर चांदणी हाय, पर मधोमध न्हाय, डाव्या डोळ्याकडं सरकलीया. उभी ऱ्हायली की मागचा उजवा पाय ढिला सोडती, रिक्षाची वाट बघणाऱ्या बाईगत."

मी काढलं. "ही शेजारणीची झाली," अक्का म्हणाली. खोडलं. पुन्हा काढलं. "तोंड मोठं झालं." खोडलं. तिसऱ्या खेपेला तिनं चित्र जवळ ओढलं. कागदावरच्या चांदणीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "रेडकाला दाखवू काय?"

त्या चित्राच्या झेरॉक्स आसपासच्या जनावरांच्या बाजारांत गेल्या. चौथ्या दिवशी एका व्यापाऱ्याचा फोन आला. शिंगं बघून शंका आली होती, ढिला सोडलेला पाय बघून खात्री पटली. विकणारा तिथंच सापडला. गुळगुळीत दाढी, चष्मा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आमच्या शाळेत गणिताचे सर म्हणून शोभला असता.

चहावाल्याला बोलावलं. तो बघतच राहिला. "ह्यो? म्हस कडंला बांधून माझ्याकडं चा प्याला की. जाताना थँक्यू म्हणाला."

"मग सांगितलं का नाहीस?" फौजदार ओरडले.

"तुमी चोर इचारला हुता, साहेब."

चंद्री घरी आली. रेडकू असं लुचलं की अक्कानंच त्याला मागं ओढलं. सदाशिवनं कट्ट्यावर येऊन ट्रंपेट वाजवला. त्या आवाजानं बिथरून चंद्री धारच देईना, तेव्हा अक्कानं त्याला पार कोपऱ्यावर जाऊन वाजवायला लावलं.

पुढं बरीच वर्षं मी रेखाचित्रं काढली. पहिला प्रश्न एकच, "काय दिसलं?" त्यानंतर तोंड बंद. बाई असून गप्प बसते, याचंच साक्षीदारांना आश्चर्य वाटायचं. काही चोर सापडलेसुद्धा. एकालाही मिशी नव्हती.

मिशीवाल्या चोराचं ते मूळ चित्र माझ्याकडं आहे. फौजदारांना ते ठाण्यात नको होतं. मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. दहाएक वर्षांनी थोरला मुलगा म्हणाला, "आई, लग्न ठरवलंय. आज तिला घरी आणतो. मुंबईची आहे, केस बारीक कापलेत, आधीच सांगतो." माझ्या डोक्यात सून लगेच तयार झाली, नाकासकट. चांगली साडी काढायला कपाट उघडलं आणि मिशी दिसली.

ती आली. 'चहा कसा घेतेस, साखरेचा की बिनसाखरेचा' हे ओठांवर आलं होतं. गिळलं. "काय घेशील?" एवढंच विचारलं.

"दूध असलं तर बरं," ती म्हणाली.

तिला तशीच स्कूटरवर मागं बसवली आणि कट्ट्यावर नेली. चंद्रीच्या नातीचं दूध उभ्या उभ्या दोन ग्लास प्याली. फेसाची मिशी तिनं पुसलीसुद्धा नाही.