ट्रेमधले दोन कागदी कप

रियाधच्या त्या फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी लपून ख्रिस्ती उपासना व्हायची आणि प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचा पेला हातोहात फिरायचा. चांदीचा. बँकेतले साहेब, आयटीतली मंडळी, त्यांच्या बायका, सगळे त्यालाच ओठ लावायचे. आम्हा दोघांपुढे ट्रे यायचा. त्यात दोन कागदी कप.

दोघे म्हणजे मी आणि शांतवन. रियाधजवळच्या अल खर्जच्या डेअरीत मी फिटर, तो गोठे धुणारा. मी नगरकडचा, तो जालन्याचा. दोघांचेही आजोबा महारवाड्यातून ख्रिस्ती झालेले. पहिल्याच शुक्रवारी घरच्या साहेबांनी ते आडून विचारून घेतलं होतं. "गावात घर कुठल्या बाजूला?"

दाराबाहेर चपलांचा ढीग दिसू नये म्हणून सगळ्यांचे जोडे पिशव्यांत भरून आत नेणं आमचं काम. गाणी हळू आवाजात, टाळ्यांविना. सौदीत अशा उपासनेला बंदी; पोलिसांची ती भीती खरी होती आणि सगळ्यांची होती.

एका शुक्रवारी शांतवननं कप घेतला नाही.

"बाई, आमचा वेगळा का?"

घरच्या बाई हसल्या. "हायजीन हो, भाऊ. तुम्ही गोठ्यात काम करता ना."

"आणि तुमचं एकमेकांचं उष्टं चालतं?"

"हळू बोला," साहेब म्हणाले.

शांतवननं माझ्याकडे पाहिलं. गावाकडे मी चर्चमध्ये उपदेश करायचो, हे त्याला ठाऊक होतं.

मी म्हणालो, "सणाला चल, उघड हो, म्हणणाऱ्या भावांना येशूनंही सांगितलं होतं, माझी वेळ अजून आली नाही म्हणून. घे गप."

"वा! किती छान सांगितलंत," साहेब म्हणाले. मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

शांतवननं पिशवीतून आपले जोडे काढले आणि निघाला. त्या फ्लॅटवर परत आला नाही. डेअरीच्या खोलीत त्यानं खाट बदलून घेतली. माझ्याशी बोलणं खलास. करार संपल्यावर गावी गेला आणि तिथंच वारला. मला दुसऱ्यांकडून कळलं.

मी जात राहिलो. बारा वर्षं. एकटाच जोडे भरत. ट्रेमध्ये आता एकच कप.

येशूचं ते वाक्य ज्या अध्यायातलं, त्याचा पुढचा भाग मला पाठ होता. भाऊ सणाला गेल्यावर येशू मागून गुपचूप गेला. सण अर्धा झाला तेव्हा, जीवावर उठलेल्यांच्या देखत, मंदिरात शिकवू लागला. त्याचं थांबणं काही दिवसांचं होतं. पोलिसांची भीती दाराबाहेर होती; आत मला कुणीही पकडणार नव्हतं.

गेल्या शुक्रवारी मी कप ट्रेमध्येच राहू दिला.

"काका, घ्या ना," ट्रे आणणारा म्हणाला.

"नको."

माझा इकामा, इथं राहायचा परवाना, संपतोय. येत्या शुक्रवारी निरोपाची साक्ष द्यायची आहे, देवानं इथं काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायचं. "दोन मिनिटं, काका. गोड काहीतरी," साहेबांनी सांगितलंय.

मी शांतवनचं नाव घेणार. तो बरोबर होता आणि प्रभूचं वचन वापरून त्याला गप्प करणारा मी होतो, हे आधी सांगणार. मग तो अध्याय शेवटपर्यंत वाचणार. आवाज त्या खोलीपुरताच ठेवीन.

जोडे ज्याचे त्यानं उचलावेत.