डाव्या हाताला लावलेली सलाईन

आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिचा उजवा हात गेला. नगरच्या मोठ्या हॉस्पिटलचे पैसे विमा कंपनीने दिले. घरी आल्यावर दोन महिने फिजिओथेरपीचेही दिले. तिसगावहून एक बाई एक दिवसाआड स्कूटीवरून आमच्या वस्तीवर यायच्या आणि आईचं एकेक बोट धरून हलवून घ्यायच्या. दोन महिने झाले तेव्हा आईला नुकती वाटी धरता यायला लागली होती. उचलता येत नव्हती. बाई म्हणाल्या, हात येतो तो पहिल्या सहा महिन्यांत, नंतर अवघड असतं. पण कंपनीची मुदत दोन महिन्यांचीच होती.

पॉलिसी माझ्या चुलत्यांनी उतरवलेली. ते एजंट आहेत. एका रविवारी येऊन त्यांनी मार्ग सांगितला. मुदत संपल्यावर घरी केलेल्याला कंपनी उपचार धरत नाही, दवाखान्यात दाखल केलं की धरते. तेव्हा वहिनींना आठ-दहा दिवस दाखल करायचं आणि व्यायाम तिथेच घ्यायचा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, बघा जरा पुस्तकात. तुमच्या इंग्लिश मीडियमचा आमाला कधी उपयोग व्हायचा?"

मी पॉलिसीची पुस्तिका घेऊन आत गेले. तो परिच्छेद लगेच सापडला. केवळ विश्रांतीसाठी किंवा गेलेली शक्ती परत मिळवण्यासाठी दाखल केलं असेल आणि प्रत्यक्ष उपचार चालू नसतील, तर दावा मिळणार नाही, असं त्यात होतं. मी तो तीनदा वाचला. बोट हलवून घेणं हा उपचार नाही तर काय आहे, असंही वाटलं. कंपनीला फोन करून विचारायचं ठरवलं. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं असलं की मी वाक्यं आधी कागदावर लिहून घेते. तशी लिहिली, पण फोन केला नाही. बाहेर येऊन म्हणाले, "मिळत असेल बहुतेक." पप्पांना तेवढं पुरलं.

नगरमधल्या एका लहान दवाखान्यात आईला दाखल केलं. तिथला फिजिओथेरपिस्ट दिवसातून एकदा यायचा, वीस मिनिटं थांबायचा. दुसऱ्या दिवशी चुलते भेटायला आले आणि कॉटशेजारच्या रिकाम्या स्टँडकडे बघत उभे राहिले. आमच्याकडे दवाखान्यात भेटायला आलेला माणूस आधी बाटली बघतो, मग पेशंटचं तोंड. बाटली नसेल तर उगीच झोपवलंय असं त्याला वाटतं. चुलते पप्पांना म्हणाले, "सलाईनच न्हाई, तर ट्रीटमेंट दिसायची कशी?"

पप्पांनी डॉक्टरांना विनंती केली. डॉक्टर आधी गरज नाही म्हणाले, मग व्हिटॅमिनची सलाईन लिहून दिली. लुळ्या हाताला सुई लावत नाहीत, असं सिस्टरने सांगितलं. म्हणून ती डाव्या हाताला लागली. सुई हलू नये म्हणून त्या हाताखाली पुठ्ठा ठेवून पट्टी गुंडाळली. भेटायला येणाऱ्यांचं समाधान झालं. मी आईला चमच्याने भरवू लागले. शेजारच्या कॉटवरच्या बाईंनी कसं काय विचारलं, तर आई म्हणाली, "एक हात देवानं बांधला, एक ह्यांनी." त्या बाई हसल्या. पप्पा पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले.

आठ दिवसांत डावा हात सुजला. उजवा रोज वीस मिनिटं हलायचा आणि उरलेला दिवस चादरीवर पडून असायचा.

कंपनीचं उत्तर माझ्या मोबाईलवर आलं. दावा नामंजूर. पेशंटची प्रकृती स्थिर होती, व्हिटॅमिनची सलाईन म्हणजे प्रत्यक्ष उपचार नव्हे, असं लिहून खाली कलम दिलं होतं. मी वाचलेलंच. पप्पांनी विचारलं, काय म्हणतात? मी म्हणाले, नाही म्हणतात. चुलत्यांचं मत पडलं की सलाईन पहिल्या दिवसापासून लावायला हवी होती.

त्या आठ दिवसांना जेवढा खर्च आला, तेवढ्यात तिसगावच्या बाई उरलेले चारही महिने आल्या असत्या. आता त्यांना बोलावणं परवडत नाही. त्यांनी दाखवलेला व्यायाम मीच करून घेते. आईची बोटं आखडली आहेत. वाटी दिली तर निसटते. सहा महिने मागच्या आठवड्यात पूर्ण झाले.

परवा दुपारी मी तिचा अंगठा चोळत होते. घरात आम्ही दोघीच होतो. ती म्हणाली, "त्या पुस्तकात हे लिहिलेलं हुतं ना गं?"

मी हो म्हणाले.

"तू वाचलं हुतं."

"हो."

ती खिडकीकडे बघत राहिली. हात माझ्या हातातच होता. तो आपणहून काढून घेणं तिला जमत नाही.