बोथ्याच्या घाटातलं पेडल

आमच्या गाडीचं ब्रेकचं पेडल माणूस पाहून वागायचं. मी बसलो की असं टणक की त्यावर नारळ फोडावा, आणि पोरगी बसली की चार वळणांत लोणी. ही गोष्ट मी तीन आठवडे अख्ख्या बुलढाण्यात सांगत हिंडलो. मी भिक्षुक माणूस. वास्तुशांत, सत्यनारायण, लग्नं, मुंजी. घरोघरी जायचं, आणि होम पेटेपर्यंत धूर सोसणाऱ्या मंडळींना काहीतरी सांगत बसायचं. सांगता सांगता गोष्ट थोडी वाढते, त्याला माझा इलाज नाही. पोरीच्या पायात जोर नाही, ही गोष्ट मात्र मी जरा जास्तच चवीनं वाढवली.

पोरगी खामगावला कॉलेजात शिकवते. रोज सकाळी सातला निघायचं, बोथ्याचा घाट उतरायचा, संध्याकाळी पुन्हा चढायचा. मागच्या सीटवर तिच्याच कॉलेजातल्या दोघी. तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी जेवत होतो.

"बाबा, पेडल खाली जाऊन राह्यलं. दोनदा दाबलं की मंग येते वर."

"भाकर खात जा. पायात दम येईल."

गाडी मीच शिकवली होती तिला, त्यामुळे गाडीच्या बाबतीत माझा शब्द ती वेदासारखा धरायची. एरवी माझ्या गोष्टीतले पंधरा आणे वजा करूनच ऐकते. पुढं एकदा त्या दोघी घरी आल्या होत्या, तेव्हा त्यांच्यादेखत मी तिला पेडल दाबायचं कसं हे पाटावर पाय ठेवून दाखवलं. दोघी हसल्या. तीही हसली.

मग एका रविवारी खामगावला सत्यनारायण होता म्हणून मीच गाडी घेऊन निघालो. घाटात दोन वळणं झाली, तिसऱ्याला पुढं सोयाबीनची पोती भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. पाय ठेवला. पाय गेला तो गेलाच. मला वाटलं, हा आता गाडीचा तळ, डांबर, खालचा खडक फोडून थेट घाटाखालच्या शिवारात कुणाच्या तरी विहिरीत निघणार. दुसऱ्यांदा दाबलं, अर्ध्यात काहीतरी लागलं. ट्रॉलीच्या पोत्यांवर एक माणूस उताणा पडला होता, तो उठून बसला. त्याच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं, एवढ्या जवळून मी तो पाहिला. तिसऱ्यांदा दाबलं आणि गाडी थांबली. ट्रॉलीची मागची फळी आणि माझी काच यांच्यात एक पंचांग कसंबसं मावलं असतं.

चाकांतून जळका वास येत होता. मी कडेला उतरून उभा राहिलो. मला माझ्या मरणाचं काही वाटलं नाही, ते नंतर लोकांना सांगायला बरं असतं. मला दिसत होतं ते हे, की पोरगी हे रोज करते. दोनदा दाबते, वळण घेते. मागं दोघी बसलेल्या. आणि वर्गात जाऊन शिकवते.

चाकं निवेपर्यंत थांबलो, यजमानांना फोन करून दुसरे गुरुजी बघा म्हणालो, आणि पहिल्या गिअरमध्ये घाट चढून सरळ आमच्या मिस्त्रीकडं आलो. याचं लग्न मी लावलं, याच्या गॅरेजची वास्तुशांतही माझीच. त्यामुळे मी बोललो ते खरं, असा त्याचा समज.

त्यानं आधी गाडी उचलून चारी चाकं पाहिली. कुठं थेंब नाही. मग इंजिन चालू करून पेडलवर पाय नुसता टेकवला आणि घड्याळाकडं बघत बसला. मीही वाकून बघत होतो. पेडल हळूहळू, कुणाला कळू नये असं, खाली चाललं होतं. जोरात दाबलं की टणक, हलकं धरलं की बसतं.

"महाराज, पोरीचा पाय हलका हाय म्हून तिलेच कळलं हे," तो म्हणाला. "तुम्ही तं पेडलवर उभेच राहता. आज घाटात तापलं म्हून तुम्हाले बी कळलं."

"म्हणजे काय झालंय?"

"बाहेर गळत नाही, म्हंजे तेल आतल्या आत पलटून राह्यलं. पेडलमागं तेल ढकलते त्या मास्टर सिलिंडरचे रबर गेले. पन हे वर्षाभराचंच हाय, मीच टाकलं होतं. एवढ्यात काऊन जाईन?"

त्यानं बॉनेट उघडलं आणि ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं. झाकणाच्या आत रबराची चकती असते, पापडाएवढी पातळ. ती फुगून पुरी झाली होती.

त्या क्षणी मला आठवलं. दीड महिन्यापूर्वी हिवरा आश्रमाच्या अलीकडच्या एका खेड्यातून वास्तुशांत उरकून येत होतो. गाडीत समोर ब्रेकचा लाल दिवा लागला. उतरून पाहिलं तर डबीतलं तेल खालच्या रेघेशी. आसपास दुकान नाही. पिशवीत समईचं तिळाचं तेल उरलेलं, घाण्याचं, वस्त्रगाळ. देवापुढं जळणारं तेल. कुठल्या डब्यातल्या तेलापेक्षा हे शुद्धच, असा मी विचार केला आणि ओतलं. दिवा विझला. मी खूश.

मिस्त्रीनं डबीत नाक घातलं.

"महाराज, याच्यात कोनं काही टाकलं का?"

"नाही बुवा."

"वास येऊन राह्यला."

"गाडीत बारा महिने हवनाचं सामान असतं. तूप, धूप, कापूर. माझ्या बुटांनाही वास येतो."

तो हसला. पिचकारीनं डबीतलं तेल ओढून त्यानं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरलं, फळीवर ठेवलं आणि गाडीखाली शिरला. मी बाटलीकडं बघत होतो. आत गढूळ पिवळट तेल. थोड्या वेळानं वरच्या बाजूला एक निराळी रेघ धरू लागली. वर सोनेरी, खाली मळकट. ब्रेक ऑइल जड, माझं तेल हलकं. दोघं एकमेकांपासून सभ्यपणे दूर होत होती. मी बाटली उचलली, खळखळ हलवली, परत ठेवली. दहा मिनिटांनी पुन्हा रेघ. पुन्हा हलवली. संध्याकाळपर्यंत त्या बाटलीला मी इतकं घुसळलं की त्यातून चौदा रत्नं निघायला हवी होती.

नवं मास्टर सिलिंडर बसलं, नवं तेल भरलं, नळ्यांतली हवा काढून झाली. पेडल टणक. हलकं धरून पाहिलं, बसत नाही. तेवढ्यात पोरगी आली. सकाळी तिला नेहमीसारखं निघायचं होतं.

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "ताई, गाडी तं झाली. पन मले एक समजून नाही राह्यलं. रबर जुनं झालं की चिरते, फुगत नाही. फुगलं म्हंजे काहीतरी दुसरं तेल गेलं. अन् तसं असन तं चारी चाकातले रबर बी गेलेच समजा. आज पेडल चांगलं लागन, आठ दिवसात पुन्हा दगा देईन. म्हून महाराजाले इचारलं मी."

"मंग काय म्हणाले बाबा?"

"नाही म्हंतात."

"बाबा नाही म्हणाले ना," तिनं किल्लीसाठी हात पुढं केला, "मंग नाहीच. गाडीच्या बाबतीत बाबा खोटं नाही बोलत."

टोमणा असता तर मी सोसला असता, उलट दोन ऐकवले असते. ती मनापासून बोलत होती. मिस्त्रीनं किल्ली खिशातून काढली. ती तिच्या हातात पडायला एक वीत अंतर उरलं होतं.

"देऊ नको," मी म्हणालो.

दोघं माझ्याकडं बघू लागली.

"तिळाचं तेल आहे. समईचं. मी टाकलं."

मिस्त्रीनं फळीवरची बाटली उजेडात धरली. मघापासून मी हलवली नव्हती, रेघ स्पष्ट दिसत होती. "आता मले समजलं," तो हळूच म्हणाला. "मी म्हनो, महाराज दर दहा मिन्टानं फळीपाशी काऊन जातात."

पोरगी हसली नाही. "कधी टाकलं?"

मी सांगितलं. तिनं बोटांवर आठवडे मोजले. पाटावर पाय ठेवून मी धडा दिला होता, तोही त्यात कुठंतरी बसला असणार.

मिस्त्रीनं चारी चाकं उघडली. नवं सिलिंडरही पुन्हा काढलं, कारण नळ्यांतलं जुनं तेल त्यातही उतरलं असेल म्हणाला. चाकांतली रबरं काढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवली. गुलाबजाम बरे. नळ्या धुतल्या, रबरी पाइप बदलले. दोन दिवस लागले. दोन्ही दिवस पोरगी एसटीनं गेली आणि घरात माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बाजूले बसा. खामगावपावतर." त्या दोघींना तिनं एसटीनं यायला सांगितलं होतं.

घाटाच्या तोंडाशी तिनं गाडी उभी केली, पाय पेडलवर हलका टेकवला आणि पूर्ण एक मिनिट तशीच बसली. मग निघाली. प्रत्येक वळणाआधी ती अजूनही दोनदा दाबत होती. गरज नव्हती, पहिल्या दाबातच पेडल वर लागत होतं, मला तिच्या गुडघ्यावरून कळत होतं. माझा उजवा पाय माझ्या बाजूच्या पत्र्यावर दाबून दाबून सुन्न झाला. तिसरं वळण आलं, गेलं.

सपाटीला लागल्यावर तिनं विचारलं, "तुमच्या ध्यानात कधी आलं, की तुम्हीच टाकलं म्हणून?"

सांगण्यासारखी तीन-चार उत्तरं माझ्याकडं तयार होती, एकाहून एक सुरेख.

"झाकण उघडलं तेव्हाच," मी म्हणालो. "दुपारी."

"अन् मी आली संध्याकाळी."

"हो."

खामगावच्या स्टँडपाशी गाडी थांबवून ती म्हणाली, "उतरा आता. बुलढाण्याची गाडी लागलीच असन." मी उतरलो. काच खाली करून तिनं हात बाहेर काढला, आणि घरातल्या खुंटीवर असते ती गाडीची दुसरी किल्ली, माझी, जी मी सकाळी निघतानाच खिशात घातली होती, ती काढून तिच्या हातावर ठेवली.