काचेपलीकडची सम

संगीताच्या विद्यार्थ्याला घाबरवणारी तालातली एक मात्रा असते. तिला सम म्हणतात. तालाचं आवर्तन तिच्यापासून सुरू होतं. गाणारा आणि तबला तिथे एकदम पोचले की ऐकणाऱ्याची मान आपोआप पडते. दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात मला ती सापडलीच नाही. विलंबित एकतालात सम यायला इतका वेळ लागतो की मधे घाबरायला भरपूर जागा मिळते. मी नापास झाले.

वडिलांनी आवाज चढवला नाही. पुन्हा बस, म्हणाले. याही वेळी राहिलीस तर उरणच्या कंटेनर यार्डात मामाने ऑफिसातली जागा बघून ठेवली आहे.

त्यानंतर सकाळी तानपुऱ्याचं अ‍ॅप सुरू झालं की मी ते लगेच बंद करायचे. उपाय काढला कॉलेजातल्या दोघांनी. एक सुकापूरची, माझ्याबरोबर गाणं शिकणारी. दुसरा मोरा बंदराजवळचा, तबल्याचा विद्यार्थी. त्यांचं निदान असं होतं की मला सम येते, फक्त माझा तिच्यावर विश्वास नाही. म्हणून तिला सगळीकडे गाठायचं. मग पनवेलहून सुकापूरला जाताना शेअर रिक्षात आम्ही मांडीवर ताल धरायचो आणि एकच तुकडा तीनदा म्हणून त्याचा शेवट बरोबर गतिरोधकावर आणायचो. जमलं की तिघांच्या माना एकदम पडायच्या. रिक्षावाला आरशातून बघत राहायचा. एकदा मैत्रिणीच्या घरी कुकरची शिट्टी समेवर आली, तेव्हा आम्ही इतके हसलो की तिच्या आईने आम्हाला स्वयंपाकघराबाहेर काढलं. रियाज किती झाला ते सांगता येणार नाही. झोप मात्र लागू लागली.

परीक्षेच्या खोलीत बाहेरून आलेल्या परीक्षक बाई होत्या, साथीला तबला आणि पेटी. श्रोते नाहीत. दाराला काचेची एक उभी पट्टी होती. मी आत जाताना तबल्याचा मित्र म्हणाला, "घाबरू नको. आमी काचेतनं दिसतो. समेला मान टाकतो, बघ."

बाईंनी यमनमधला बडा ख्याल विचारला. मी गायला सुरुवात केली आणि काचेकडे पाहिलं. दोन माना पडल्या, अगदी खात्रीने. आतला तबला तेव्हा निम्म्या वाटेवर होता. थोड्या वेळाने त्या पुन्हा पडल्या, पुन्हा भलत्याच मात्रेवर. भिंतीपलीकडून दुसरा तबला ऐकू आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की शेजारच्या खोलीत तबल्याची परीक्षा चालू आहे आणि हे दोघे त्या तबल्याला दाद देत आहेत.

हसू उसळलं. आलाप हलला. ते दाबायला मी डोळे मिटले, आणि काच दिसेनाशी झाल्यावर फक्त ठेका उरला. समेकडे नेणारा मुखडा उचलला. सम आली तेव्हा मी तिथे होते. डोळे उघडले तर बाईंची मान पडलेली.

आवर्तन संपल्यावर त्यांनी थांबवलं आणि हसण्याचं कारण विचारलं. मी खरं ते सांगितलं. बाई उठल्या आणि त्यांनी दार उघडलं. दोघे मान टाकण्याच्या बेतात सापडले.

"कुठला ताल मोजताय?"

"तीनताल, मॅडम," मित्र म्हणाला.

"आत एकताल चालू आहे."

त्याने शेजारच्या दाराकडे पाहिलं. "म्हंजे आमी त्यालाच पास केला."

पेटीवाल्यांनी भाता सोडून तोंडावर रुमाल धरला. ऐकायला कुणीतरी हवंच, असं म्हणत बाईंनी दोघांना भिंतीपाशी बसवलं आणि माझ्याकडे छोटा ख्याल मागितला. तो मी हसू आवरत, निम्मा हसतच गायले.

निकाल लागला त्या संध्याकाळी वडिलांनी मामाला फोन करून यार्डातली जागा दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितलं. मग फोन ठेवून मला विचारलं, तिसऱ्या वर्षाला कोणकोणते राग आहेत.