उभ्या फळ्या

आमच्या लग्नाला थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा हे कापसाच्या जिनात उंचावर मशीनचा पट्टा चढवताना खाली पडले. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच.

नवीन जालन्यात, जिनाच्या फाटकासमोर एका माडीवर आमची एकच खोली होती. माडी असल्यामुळं जमीन लाकडी फळ्यांची. खिडकीकडची बाजू गळायची, म्हणून ह्यांचं अंथरूण दाराशी होतं. रोज संध्याकाळी भोंगा झाला की हे कोपरांवर अंग ओढत त्या बसक्या खिडकीपाशी जायचे आणि सुटलेली माणसं बघायचे. कुणी खालून हात केला तर त्या दिवशी दोन घास जास्त जायचे. मी धरायला गेले की रागवायचे.

पण दिवसभर ती खोली त्यांना खायला उठायची.

"नुसत्या आडव्या फळ्या दिसत्यात," ते म्हणायचे. "दर सांध्याला नजर अडकती. खोक्यात ठेवल्यावानी वाटून राह्यलंय."

जिनातले सुतार मिस्त्री ह्यांचे जिवाभावाचे दोस्त. त्यांच्या घरात उर्दू चालायची, आमच्याशी मराठी बोलायचे. हे ऐकून त्यांनी गुडघे टेकून जमीन बघितली.

"भाई, खालच्या तुळयांमुळं ह्या फळ्या आडव्याच ठेवाव्या लागत्यात. पण वरून पातळ फळ्यांचा दुसरा थर टाकू. दारापासून खिडकीपर्यंत उभा. खोली बराबर मोठी दिसंल."

जिनातली मशिनं ज्या खोक्यांतून आली होती त्यांच्या फळ्या जिनाच्या मालकाला विचारून त्यांनी आणल्या, अरुंद कापल्या, रंधा मारला. शेजारशेजारचे सांधे एका ओळीत येऊ दिले नाहीत. वरून जवसाचं तेल दिलं. काम झाल्यावर मी दारात उभी राहिले आणि चपापलेच. खिडकीतला उजेड फळ्यांवरून सरळ माझ्या पायापर्यंत आला होता. दुसऱ्याच कुणाच्या दिवाणखान्यात आल्यासारखं वाटलं. हे हसले. पडल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. हे कोपरांवर उठले, खिडकीकडं बघितलं आणि परत आडवे झाले.

"आज न्हाई," म्हणाले.

मग तेच रोजचं झालं. शेवटी मी कारण विचारलं.

"खिडकी लई लांब गेली गं."

मी लुगडं पसरून मापून दाखवलं. अंतर होतं तेवढंच होतं.

"मला कळत न्हाई का? पण पडल्या पडल्या तिकडं बघितलं की हात गळत्यात."

"मंग काढून टाकू का ह्या फळ्या?"

"येडी हायेस का? त्यानं किती मायेनं केलंय. त्याला एक शब्द बोलू नको."

मिस्त्री यायचे, फळ्यांवरून हात फिरवायचे. "भाई, आता मोकळं वाटतं ना?" विचारायचे.

"बिलकुल," हे म्हणायचे. मी चहा ठेवायला उठायची.

पोलीस ॲक्शन होऊन राज्य बदललं त्या साली मिस्त्री घरच्यांना घेऊन जालना सोडून गेले. निरोप घ्यायलाही आले नाहीत. कुठं गेले ते कुणी सांगितलं नाही. आम्हीही फार विचारलं नाही, विचारायचे दिवस नव्हते. पुढं काही दिवसांनी मी शेजारून पटाशी मागून आणली आणि एकेक फळी उचकटली. खाली जुनी जमीन होती तशीच निघाली, फक्त खिळ्यांची भोकं पडलेली.

"आता जाऊन बघता का?" मी म्हटलं.

भोंगा झाल्यावर हे निघाले. खोलीच्या मध्यावर थांबले. महिनोन्‌महिने पडून दंड नुसते काठीसारखे झाले होते. पुन्हा जोर लावला, अंग हललं नाही. गाल फळीला टेकवून तसेच राहिले. खालून माणसांच्या बोलण्याचा, चपलांचा आवाज येत होता, मग तोही कमी झाला. मी शेजारी बसून होते.

"उचल मला," ते म्हणाले.

मी त्यांना अंथरुणावर आणलं. त्यानंतर खिडकीचं नाव दोघांनीही काढलं नाही. उचकटलेल्या फळ्या हिवाळ्यात मी चुलीत घातल्या. तेल प्यालेलं लाकूड, लवकर पेटायचं. हे पडल्या पडल्या जाळाकडं बघत राहायचे. उन्हाळा लागायच्या आत गेले. भावानं मला माहेरी अंबडला नेलं.